आधी कलिना, मग बर्लिन

पत्र : मुलीनं २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मेकॅनिकलची बीई केली. कॉलेज नवी मुंबईतलंच. सीजीपीए ७.१. तिसऱ्या सेमिस्टरला मॅथ्सची केटी लागली होती, ती पुढच्या खेपेला सुटली. सध्या रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत डिझाइनला आहे. तिला जर्मनीत मास्टर्स करायचंय. वाशीतला एक सल्लागार म्हणतो, ७.१ वर सरकारी विद्यापीठात काही होत नाही. बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठात तो एप्रिलची सीट देईल. फी वर्षाला १२,००० युरो, दोन वर्षं. दसऱ्याच्या आत २,००० युरो भरले तर सवलत, शिवाय त्याचे ८५,००० रुपये वेगळे. ‘एपीएसचं टेन्शन घेऊ नका, खासगीला त्याचं एवढं नसतं,’ असंही म्हणाला. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये बारा लाख अडकवायचे म्हटल्यावर ह्यांची झोपच उडाली आहे. आणि दीर म्हणतात, परदेशी विद्यापीठंच आपल्या विमानतळाशेजारी येतायत, थांबा जरा. काय करावं?
— एक आई, ऐरोली

उत्तर :

ताई, दसऱ्याला आपट्याची पानं वाटा, युरो नकोत.

त्या सल्लागाराचं एक म्हणणं साफ चूक आहे, ते आधी बाजूला काढू. भारतातल्या विद्यार्थ्याला जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मागताना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथले शैक्षणिक कागद खरे असल्याचा जर्मनीच्याच पडताळणी कार्यालयाचा दाखला, लागतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून हा नियम आहे आणि विद्यापीठ सरकारी की खासगी यानं त्यात फरक पडत नाही. पीएचडीला जाणारे, जर्मन सरकारी शिष्यवृत्ती मिळालेले असे काही मोजके अपवाद आहेत, पण तुमची मुलगी त्यांत बसत नाही. म्हणजे आज २,००० युरो भरले तरी एपीएसची पायरी जागच्या जागी राहणार. फक्त ती पैसे अडकल्यावर चढावी लागेल.

७.१ चं म्हणणं मात्र तपासून बघण्यासारखं आहे. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्या मापात बसवायला तिथली विद्यापीठं साधारणपणे एकच सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कागद-पेन्सिल घ्या. सर्वाधिक शक्य गुणांतून मुलीचे गुण वजा करायचे : १० वजा ७.१ म्हणजे २.९. मग सर्वाधिक गुणांतून पास होण्यापुरते किमान गुण वजा करायचे. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या श्रेणीतक्त्यात ‘पी’ ही पासची शेवटची श्रेणी आणि तिला ४ गुण, म्हणून १० वजा ४, म्हणजे ६. आता २.९ ला ६ नं भागा, ३ नं गुणा, त्यात १ मिळवा. उत्तर २.४५.

मास्टर्सच्या बऱ्याच अभ्यासक्रमांची रेघ २.५ वर असते. तुमची मुलगी रेघेच्या आत आहे, पण अगदी काठावर. आणि खरी गोम इथेच आहे. देशातल्या कितीतरी विद्यापीठांत पासला ५ गुण लागतात. तुमच्या कागदांत श्रेणीतक्ता नसला आणि तपासणाऱ्यानं किमान गुण ५ धरले, तर तेच गणित २.७४ वर जातं. मुलगी तीच, गुणपत्रिका तीच, आणि अर्ज बाहेर! म्हणून श्रेणीतक्ता ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या विद्यापीठानं दिलेल्या एकत्रित उताऱ्यावर, छापलेला आहे की नाही ते पाहायचं. नसेल तर गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूचं स्कॅन जोडायचं. मागची कोरी वाटणारी बाजू स्कॅन न करणं ही यातली सर्वांत स्वस्तातली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सीजीपीएचे टक्के करून पाठवायच्या भानगडीतही पडू नका. विद्यापीठं मूळ आकडाच मागतात.

एका केटीचं मनाला लावून घेऊ नका. जर्मनीतल्या विद्यार्थ्यांनाही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, तिथं त्याचं कुणाला नवल नाही. फक्त त्या सेमिस्टरच्या दोन्ही गुणपत्रिका, नापासाचीही आणि पासाचीही, फाइलीत हव्यात. नापासाची फाडून टाकली असेल तर दुसरी प्रत काढायला वेळ जातो. तेव्हा आज रात्रीच कपाट उघडून बघा.

मेकॅनिकलवाल्यांना नकार मिळतो तो बहुतेक वेळा गुणांवरून मिळत नाही, विषयांवरून मिळतो. जर्मन विद्यापीठात एक सेमिस्टर ३० ईसीटीएस क्रेडिटांचं धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, त्यात वर्गही आला आणि घरचा अभ्यासही. अभ्यासक्रमाच्या प्रवेश नियमांत लिहिलेलं असतं की गणिताची इतकी क्रेडिटं, मेकॅनिक्सची इतकी, थर्मोडायनॅमिक्सची इतकी पाहिजेत. आपल्याकडचा विषय त्यांच्या कुठल्या खान्यात टाकायचा हे तिथला प्राध्यापक ठरवतो आणि नुसत्या नावावरून त्याला काही कळत नाही. ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स थ्री’ म्हणजे काय हे त्यानं कसं ओळखावं? त्यासाठी आठही सेमिस्टरचा अभ्यासक्रम, तासिकांच्या आकड्यांसकट, एकाच पीडीएफमध्ये हवा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाखेनुसार मिळतो. फक्त तो मुलीच्या बॅचला लागू असलेल्या स्कीमचाच आहे ना, हे पहिल्या पानावर बघून घ्या. जुन्या स्कीमचा जोडला की विषयांचे कोड गुणपत्रिकेशी जुळत नाहीत आणि अर्ज संशयात सापडतो. मुलीनं दोन रविवार घालून एक तक्ता करावा : डावीकडे तिचा विषय आणि तास, उजवीकडे त्या अभ्यासक्रमाची अट. जिथं अटीपुढे डावी बाजू रिकामी राहील तो अभ्यासक्रम यादीतून काढायचा. अशानं पंचवीस नावांची यादी सहा-सातवर येते, आणि त्या सहा-सातांत दम असतो.

आता कागदांकडे येऊ. सगळ्याची सुरुवात कलिन्याला आहे.

मुंबई विद्यापीठाचा परीक्षा विभाग सांताक्रूझ पूर्वेच्या विद्यानगरी संकुलात आहे. ट्रान्सक्रिप्ट तिथून मिळते. दोन-तीन प्रती मागा, एक बंद पाकिटात राहू द्या. पदवी प्रमाणपत्र हे वेगळं प्रकरण. ते दीक्षान्त समारंभानंतर कॉलेजकडे येतं आणि न्यायला कुणी गेलं नाही तर तिथंच पडून राहतं. नोकरीला लागलेल्या मुलांच्या हातात बऱ्याचदा नुसतं तात्पुरतं प्रमाणपत्र असतं, आणि मूळ पदवी कॉलेजच्या कार्यालयात आहे हे त्यांच्या गावीही नसतं. आधी कॉलेजला फोन करा.

मग नावाचा घोळ. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव, आईच्या नावाला तिथं जागाच नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, दिल्लीत किंवा जर्मनीत बसलेल्या माणसाला या तीन वेगवेगळ्या मुली वाटू शकतात. नियम एकच ठेवा : प्रत्येक ऑनलाइन अर्जात, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या नोंदणीतसुद्धा, नाव पासपोर्टप्रमाणे. नुसता क्रम वेगळा असेल किंवा आईचं नाव जास्तीचं असेल तर सगळी रूपं लिहून ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ठाण्यात कोर्ट नाक्यावर नोटरींना हे रोजचं आहे. पण स्पेलिंगच चुकलेलं असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. ज्या कागदात चूक आहे तो दुरुस्त करून घ्या, आणि चूक पासपोर्टात असेल तर वागळे इस्टेटच्या सेवा केंद्रात ते काम सगळ्यांत आधी उरका. एपीएसचा अर्ज एका नावानं आणि व्हिसाचा दुसऱ्या नावानं गेला की निस्तरणं कठीण होतं.

एपीएस म्हणजे दिल्लीतून चालणारी जर्मनीची कागदपत्र-पडताळणी. चीनमध्ये ती २००१ पासून आहे, व्हिएतनाममध्येही आहे, भारतात नंतर आली. खोट्या गुणपत्रिका गाळणं हा तिचा हेतू, आणि खऱ्या गुणपत्रिकावाल्यांना तिचा फायदाच होतो, कारण नंतर कुणी पुन्हा शंका काढत बसत नाही. शुल्क १८,००० रुपये. दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट, पदवी, हे सगळं एपीएस इंडियाच्या संकेतस्थळावरच्या यादीनुसार द्यायचं. कागद पुरे असतील तर काही आठवड्यांचं काम. एखादं पान राहिलं किंवा विद्यापीठाकडून खातरजमा यायला उशीर झाला तर महिने जातात. हे काम कुणा मध्यस्थाकडून करून घेण्याची काही गरज नाही. ज्या मुलीला कारखान्याचं ड्रॉइंग कळतं तिला हा अर्ज कळेल.

मग उरतं ते खासगी की सरकारी. सल्लागार सरकारीपासून मुलीला लांब का ठेवतोय, याचं कारण साधं आहे : जर्मनीतली सरकारी विद्यापीठं विद्यार्थी आणून दिल्याबद्दल कमिशन देत नाहीत, खासगी संस्था देतात. खासगी म्हणजे फसवीच असं मात्र नाही, काही चांगल्याही आहेत. पण तुमचा हिशेब बघा. खासगीत दोन वर्षांची फी २४,००० युरो. सरकारीत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही. सत्रामागे साधारण १०० ते ३५० युरोंची वर्गणी असते आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-ट्रामचा पास येतो. मोठे अपवाद दोन, आणि मेकॅनिकलवाल्यांना नेमके तेच आडवे येतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. श्टुटगार्ट आणि कार्ल्सरुह तिथेच आहेत. आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावले आहेत. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना हे ठाऊक नसतं.

काठावरच्या गुणांना म्युनिकच्या मागे लागण्यापेक्षा केमनिट्स, माग्डेबुर्ग, इल्मेनाउ ही पूर्वेकडची नावं बघा. घरभाडं कमी, विद्यापीठं पक्की. शिवाय मुलीचा हात डिझाइनवर बसलेला आहे, तर उपयोजित विज्ञानाची विद्यापीठंही सोडू नका. तिथं कारखान्याशी जोडलेलं काम जास्त आणि रबाळ्याच्या अनुभवाला किंमत मिळते. फक्त तिथले काही मास्टर्स तीनच सत्रांचे असतात आणि त्यांना पदवीची २१० ईसीटीएस लागतात, १८० पुरत नाहीत. नियमात तो आकडा शोधा.

बरीच विद्यापीठं अर्ज ‘युनि-असिस्ट’ नावाच्या संस्थेमार्फत घेतात. सत्रातल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे पाच अर्जांना १९५ युरो. युनि-असिस्ट फक्त कागद तपासून पुढे पाठवते, प्रवेश विद्यापीठच देतं. त्यांच्या तपासणीला चार ते सहा आठवडे धरा, म्हणजे शेवटच्या दिवशी टाकलेल्या अर्जात कागद कमी निघाला तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

बर्लिनच्या त्या संस्थेचा विचार मनातून जात नसेल, तर सल्लागाराकडून तीन गोष्टी लेखी मागा. पदवी कोण देणार? ‘होखशूलकोम्पास’ या जर्मनीतल्या अधिकृत यादीत ती संस्था राज्यमान्य म्हणून दिसते का, आणि पदवी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची असेल तर परदेशी पदव्यांच्या ‘अनाबिन’ या तिथल्याच सरकारी नोंदवहीत त्या विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असा शेरा आहे का, हे घरी बसून पाहता येतं. इमारत बर्लिनमध्ये आणि पदवी तिसऱ्याच देशातल्या विद्यापीठाची, असा फ्रँचायझीचा मामला असेल तर लांब राहा : यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत फ्रँचायझीतून मिळालेल्या पदवीला समकक्षता नाही, उद्या इथं परतून सरकारी नोकरी किंवा पीएचडी करायची म्हटली की अडेल. दुसरी गोष्ट, वर्ग प्रत्यक्ष भरतात की निम्मे ऑनलाइन? विद्यार्थी म्हणून राहण्याचा परवाना प्रत्यक्ष शिकण्यासाठी असतो. ऑनलाइनचा भाग मोठा असेल तर व्हिसा मिळून तिथं पोचल्यावरही परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तिसरी, व्हिसा नाकारला तर २,००० युरोंतले किती परत, किती दिवसांत आणि कुणाकडून. उत्तर तोंडी मिळालं तर ते मिळालं नाही असंच समजा.

आता ह्यांच्या झोपेचं. ब्लॉक्ड अकाउंट ही फी नाही, ठेवही नाही. मुलीचाच वर्षभराचा खर्च मुलीच्याच नावावर आधी नेऊन ठेवायचा आणि तिला तो महिन्याच्या हप्त्यांत मिळायचा, एवढंच. सप्टेंबर २०२४ पासून रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. युरो शंभर रुपये धरला तर ११ लाख ९० हजार. हे पैसे तुम्हाला तसेही खर्च करायचेच आहेत. व्हिसा नाकारला गेला तर नकारपत्र दाखवून परत मिळतात. त्यामुळे ते कुणा मध्यस्थाच्या खात्यातून जाऊ देऊ नका. खातं मुलीनं स्वतः ऑनलाइन उघडावं आणि पैसे तुमच्या बँकेतून थेट जावेत. ब्लॉक्ड अकाउंट उघडून देणाऱ्या कंपन्या स्वतःची फी वेगळी घेतात, ती आधी वाचा.

बँकेत घोटाळा होतो तो असा. पैसे पाठवताना ए-टू फॉर्म भरावा लागतो, त्यात कारणाचा कोड असतो. परदेशी शिक्षणासाठी एस-०३०५. शाखेतल्या माणसानं घाईत नातेवाइकांच्या उदरनिर्वाहाचा कोड टाकला तर टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराचा, दर बदलतो. दुसरं, बँकेचे शुल्क कोण भरणार हा रकाना. तिथं ‘अवर’ निवडायचं, म्हणजे वाटेतल्या बँकांचे पैसे तुमच्याकडून कापले जातात. ‘शेअर’ राहिलं तर वाटेतली बँक पंधरा-वीस युरो रकमेतूनच कापते, खात्यात ११,९०४ ऐवजी ११,८८६ पोचतात आणि व्हिसाला लागणारं पुष्टीपत्र निघत नाही. अठरा युरोंसाठी पुन्हा सगळी वारी! तेव्हा पन्नासेक युरो जास्तच पाठवा, ते कुठं जात नाहीत. आणि संदर्भ क्रमांक जसाच्या तसा, तुमच्या नावाशिवाय मुलीचंही नाव त्यात येईल असा.

टीसीएसला घाबरण्यासारखं काही नाही. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर मुळीच लागत नाही. स्वतःच्या बचतीतून ११ लाख ९० हजार गेले तर वरच्या १ लाख ९० हजारांवर लागेल. ५ टक्क्यांनी धरला तरी साडेनऊ हजार रुपये. तेही बुडत नाहीत, ज्यांच्या पॅनवरून पैसे गेले त्यांच्या करखात्याच्या नोंदीत दिसतात आणि विवरणपत्रात वळते होतात. कर्ज काढणार असाल तर व्याजावर करात वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. ह्यांनी नवी प्रणाली निवडली असेल तर हा फायदा कागदावरच राहील.

बारा लाखांत पहिला महिना मात्र धरलेला नाही. ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता तिथं राहत्या पत्त्याची नोंदणी करून, साधं खातं उघडल्यावर मिळतो. तोवर घरमालकाला अनामत द्यावी लागते, जी कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. शिवाय आरोग्यविमा, महिन्याला सव्वाशे ते दीडशे युरो. यासाठी दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवा. पार्टटाइमच्या कमाईवर घराचं बजेट बांधू नका. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण जर्मन येत नसेल तर पहिल्या सत्रात काम मिळणं अवघड जातं. शिकवणी इंग्रजीत असली तरी जर्मन शिकायचीच, आणि इथूनच. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात रबाळ्याहून संध्याकाळी रोज जाणं काही जमायचं नाही, ऑनलाइन वर्ग घ्या. मास्टर्सनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि मेकॅनिकलच्या नोकऱ्यांत तिथं शॉप फ्लोअरवर जर्मनच बोलतात.

शिष्यवृत्त्यांचं थोडक्यात. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी असाल तर राज्याच्या ‘सारथी’ संस्थेची, ओबीसींसाठी आणि खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांसाठीही राज्याच्या योजना आहेत. त्यांत विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत वरच्या काही शेकड्यांत लागतं, म्हणजे वर सांगितलेली पूर्वेकडची स्वस्त विद्यापीठं त्यांत बसतील असं नाही. शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा असेल तर यादीत तशी दोन नावं मुद्दाम ठेवा. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे, मुंबईतलीच, १८९२ पासूनची. तिच्या पहिल्या दोन मानकरी स्त्रिया होत्या, डॉक्टर फ्रेनी कामा आणि आपल्या कृष्णाबाई केळवकर.

दीरांचं म्हणणं हवेतलं नाही. यूजीसीनं २०२३ मध्ये नियम करून परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढायची मुभा दिली, आणि विमानतळाजवळ सिडकोच्या ‘एज्युसिटी’साठी जून २०२५ मध्ये पाच संस्थांना इरादापत्रं दिली गेली : ब्रिटनमधली अ‍ॅबर्डीन आणि यॉर्क, ऑस्ट्रेलियाचं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी एक संस्था. त्या नियमाखाली मिळणारी पदवी मूळ विद्यापीठाचीच असते, वेगळी समकक्षता घ्यावी लागत नाही. घरात बारावीचं पोर असेल तर हा पर्याय मी गंभीरपणे बघायला सांगेन. पण यांत जर्मन एकही नाही, आणि इथं शिकून जर्मनीत नोकरी शोधायचे ते १८ महिनेही मिळत नाहीत. मुलीला पदवीइतकीच जर्मनीतली कामाची संधी हवी असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

आता वेळ. एप्रिलचा नाद सोडा. उन्हाळी सत्रात मास्टर्सचे पर्याय कमी असतात आणि एपीएस हातात नसताना ते गाठणं म्हणजे नुसती धावपळ. पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर धरा. दिवाळीच्या आत ट्रान्सक्रिप्ट आणि मूळ पदवी, दिवाळी झाली की एपीएसचा अर्ज. ते चालू असताना आयईएलटीएस : ६.५ लक्ष्य ठेवा. नाताळात विषयांचा तक्ता पुरा. अर्जाच्या मुदती सगळीकडे सारख्या नसतात, कुणाची १ मार्चला संपते, कुणाची ३१ मेला, कुणाची १५ जुलैला. १५ जुलैवाल्यांवर भिस्त ठेवू नका, कारण निकाल ऑगस्टमध्ये आला आणि व्हिसाला महिना-दोन महिने लागले तर वर्ग सुरू होऊन जातात. प्रवेशपत्र आल्यावरच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे टाका, आधी नाही. व्हिसाचं शुल्क ७५ युरो. आणि तो अर्ज एकदाच, नीट : पूर्वी नकारावर त्याच कार्यालयाकडे फेरविचार मागता यायचा, जुलै २०२५ पासून ती सोय जर्मनीनं बंद केली आहे. आता नकार आला तर नव्यानं अर्ज नाहीतर बर्लिनचं न्यायालय.

मुलीला या आठवड्यात एक दिवसाची रजा टाकायला सांगा आणि कलिन्याला पाठवा. जाताना पासपोर्ट बरोबर असू दे. ट्रान्सक्रिप्टच्या अर्जावर नाव लिहिताना तो समोर उघडा ठेवायचा.